गाळणी वेगळ्या यंत्रावर : प्रस्तावना

ई-मेलचा सर्व्हर म्हणजे मुळात दोनच कामे करणारा संगणक होय : बाहेरून आलेले पत्र स्वीकारणे आणि ते योग्य खातेदाराच्या पेटीत नेऊन ठेवणे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ज्या एसएमटीपी या नियमावलीला रूप दिले, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्या संगणकाला पत्र कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत सोपवावे हे जीत ठरवून दिलेले आहे, तीत पत्र पाठवणारा खरा आहे की खोटा याची चौकशीच नव्हती, कारण त्या काळचे जाळे परस्परांना ओळखणाऱ्या संस्थांचे होते आणि अशा चौकशीची गरज कोणाला भासली नव्हती. पत्राची पारख हे तिसरे काम सर्व्हरच्या गळ्यात पुढे पडले आणि ते पहिल्या दोन्ही कामांपेक्षा कितीतरी जड निघाले. हे काम त्याच संगणकावर चालू ठेवावे की त्यासाठी दुसरे यंत्र उभे करावे, आणि दुसरे यंत्र उभे केल्यास नेमके काय बदलते, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

न मागितलेले घाऊक पत्र, म्हणजेच स्पॅम, या प्रकाराचा प्रारंभ सामान्यतः मे १९७८ पासून धरला जातो. त्या महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या विक्री विभागातील गॅरी थर्क यांनी अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे चारशे पत्त्यांवर एकाच वेळी जाहिरातीचे पत्र धाडले होते. नव्वदीच्या दशकात हा उपद्रव घाऊक धंद्याच्या पातळीवर गेला, तेव्हा पॉल व्हिक्सी यांच्या पुढाकाराने उपद्रवी संगणकांच्या पत्त्यांची काळी यादी तयार झाली. २००१ मध्ये जस्टिन मेसन यांनी स्पॅमअसॅसिन ही प्रणाली प्रसिद्ध केली. आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या वारंवारितेवरून पत्राची जात ओळखण्याची सांख्यिकीय रीत मांडली, जिला बेझ या गणितज्ञाच्या नावावरून बेझियन रीत म्हणतात. आज वापरात असलेल्या बहुतेक गाळण्या या तिन्ही वाटा एकत्र करूनच चालतात. स्पॅमअसॅसिन प्रत्येक पत्राला शेकडो कसोट्या लावते, प्रत्येक कसोटीचे अधिक किंवा उणे गुण देते, आणि बेरीज मूळ मांडणीतील ५ या मर्यादेला पोचली की पत्र स्पॅम ठरवते. एका कसोटीवरून कोणतेही पत्र फाशी जाऊ नये हा त्यामागचा विचार असून, पुढे आलेल्या आरस्पॅमडी या अधिक वेगवान प्रणालीनेही तोच मान्य केला आहे.

यंत्र वेगळे करण्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण भाराचे आहे, आणि ते खोटे नाही. पत्र स्वीकारणे हे काही ओळींच्या संवादाचे आणि डिस्कवर एकदा लिहिण्याचे काम आहे. उलट पारख करताना पत्राची प्रत्येक ओळ शेकडो नमुन्यांशी ताडावी लागते, जोडपत्रे उलगडावी लागतात, त्यांत दडलेल्या विषाणूचा शोध घ्यावा लागतो आणि काळ्या याद्यांकडे जाळ्यावरून विचारणा करून उत्तराची वाट पाहावी लागते. स्पॅमअसॅसिनची पार्श्वभूमीवर चालणारी सेवा, जिला स्पॅमडी म्हणतात, मूळ मांडणीत एका वेळी जास्तीत जास्त पाच कामकरी प्रक्रिया चालवते. त्यांतली प्रत्येक पर्ल भाषेतील असल्यामुळे स्मृतीची बऱ्यापैकी जागा अडवून बसते, आणि पत्रांचा लोंढा आला की त्याच संगणकावर आपली पेटी उघडू पाहणाऱ्या खातेदाराला ताटकळत राहावे लागते. तरीही या कारणाचे महत्त्व आता पूर्वीइतके उरलेले नाही. वीस वर्षांपूर्वी जो भार सर्व्हरला गुडघ्यावर आणत असे, तो आजचा साधारण संगणकही सहज पेलतो. म्हणून या पुस्तकाचा रोख भारावर कमी आणि दुसऱ्या एका प्रश्नावर अधिक आहे : गाळणी सर्व्हरपासून दूर नेली की सर्व्हरला जे ठाऊक असते ते तिला ठाऊक राहात नाही, आणि वेगळ्या यंत्राची सगळी यशापयशे त्या अज्ञानाचा बंदोबस्त कसा केला यावर ठरतात.

हा प्रश्न रायपूरसारख्या शहरात कोणापुढे येतो हे आधी स्पष्ट केले पाहिजे. केंद्र सरकारच्या कार्यालयांची टपालसेवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत मध्यवर्ती पद्धतीने चालते, तेव्हा तेथील स्थानिक अधिकाऱ्याला गाळणी कोठे बसवावी हे ठरवायचे नसते. छोट्या दुकानदाराचे खाते एखाद्या मोठ्या कंपनीच्या मोफत सेवेवर असते आणि त्यालाही हा प्रश्न पडत नाही. प्रश्न पडतो तो मधल्या थराला. उरला आणि सिलतरा या औद्योगिक पट्ट्यांतील स्पंज आयर्न व पोलादाचे कारखाने, त्यांच्या मालाची देवघेव करणाऱ्या पेढ्या, तांदूळ गिरण्यांचे निर्यातदार, खासगी रुग्णालये, महाविद्यालये आणि स्वतःचे डोमेन, म्हणजे पत्त्यातील ॲट या चिन्हानंतरचे स्वतःचे नाव, राखणाऱ्या संस्था या थरात मोडतात. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन होऊन रायपूर राजधानी झाल्यानंतर अशा संस्थांची येथे झपाट्याने वाढ झाली. त्यांच्या कचेऱ्यांत सर्व्हर म्हणून एकच यंत्र असते, ते सांभाळणारा माणूसही बहुधा एकच असतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की त्या एका यंत्रावरचा प्रत्येक जादा भार उष्णतेच्या रूपाने समोर येतो. त्यातच पोलादाच्या व्यापारात एका बिलावरची रक्कम मोठी असते, आणि पुरवठादाराच्या नावाने आलेले ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यात भरावी’ अशा अर्थाचे एक बनावट पत्र शंभर जाहिरातींपेक्षा महाग पडू शकते. असल्या पत्रात ना लॉटरी असते, ना औषधाची जाहिरात. ते बोलूनचालून धंद्याच्या भाषेत लिहिलेले असते आणि शब्दांवरून पारख करणाऱ्या गाळणीला त्यात वावगे असे काही आढळत नाही. तेथे पत्र कोणत्या संगणकावरून आले ही माहितीच उपयोगी पडते, आणि नेमकी तीच माहिती गाळणी वेगळ्या यंत्रावर नेताना हातची निसटते.

वेगळ्या यंत्राच्या मांडणीचे दोन ठळक प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात बाहेरचे पत्र पूर्वीप्रमाणे मुख्य सर्व्हरच घेतो, मात्र त्याची प्रत बाजूच्या यंत्राकडे मत विचारण्यासाठी पाठवतो. या मांडणीला येथे ‘बाजूची गाळणी’ म्हटले आहे. दुसऱ्या प्रकारात डोमेनच्या नोंदीत, म्हणजे एमएक्स या नावाने जाहीर केलेल्या स्वीकारणाऱ्या संगणकाच्या नावात, गाळणीच्या यंत्राचेच नाव घातले जाते, पत्र प्रथम तेथे येते आणि पसंत पडले तरच आत सोडले जाते. ही ‘पुढची गाळणी’ होय. जकात नाका शहराच्या वेशीवर असावा की दुकानाच्या दाराशी, अशा स्वरूपाचा हा फरक आहे : वेशीवर माल परत धाडता येतो, पण तो कोणाच्या दुकानात जाणार आहे हे नाकेदाराला कागदावरूनच कळते.

बाजूच्या गाळणीची कार्यपद्धती जवळून पाहिली की तिचे गुणदोष स्पष्ट होतात. मुख्य सर्व्हरवर स्पॅमसी नावाचा छोटासा हलका कार्यक्रम बसवलेला असतो. तो पत्र हाती घेऊन दुसऱ्या यंत्रावरील स्पॅमडीच्या ७८३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारांपैकी एका दारावर, जोडणी करतो, आपल्याला काय हवे ते एका शब्दात सांगतो, पत्राची लांबी व खातेदाराचे नाव कळवतो आणि पाठोपाठ अख्खे पत्र ओततो. ‘चेक’ म्हटले तर केवळ निकाल व गुण परत येतात, ‘प्रोसेस’ म्हटले तर गुणांची नोंद डोक्यावर चिकटवलेले संपूर्ण पत्र परत येते, आणि नुसते ‘पिंग’ म्हटले तर पलीकडून ‘पाँग’ असे उत्तर येऊन सेवा जिवंत असल्याची खात्री पटते. हा सगळा संवाद मूळ मांडणीत उघड्या मजकुरात होतो आणि त्यात परवलीचा शब्द नसतो. म्हणूनच स्पॅमडी सुरुवातीला केवळ स्वतःच्याच संगणकावरून आलेल्या विनंत्या ऐकते. दुसऱ्या यंत्रावरून काम घ्यायचे तर तिला बाहेरच्या जोडणीवर कान ठेवायला आणि परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी पाळायला वेगळे सांगावे लागते. ही यादी कंटाळ्यापोटी ‘सर्वांना मुभा’ अशी लिहिली गेल्यास, कंपनीच्या जाळ्यातील कोणताही संगणक त्या यंत्राला कामाला जुंपू शकतो. दोन यंत्रांमधील तार एकाच खोलीत असेल तर उघडा मजकूर चालून जातो. उरल्यातील कारखान्यातून शहरातील कचेरीपर्यंत तो जाणार असेल तर संवाद सांकेतिक केलेला असणे अपरिहार्य आहे.

या मांडणीत सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे बाजूचे यंत्र बंद पडल्यावर काय होते ही होय. स्पॅमसी तीन वेळा प्रयत्न करतो, प्रत्येक प्रयत्नानंतर सेकंदभर थांबतो, आणि तरीही उत्तर आले नाही तर पत्र जसेच्या तसे, पारख न करता, पुढे सोडतो. हा त्याचा मूळ स्वभाव आहे व तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे, कारण गाळणी नादुरुस्त झाली म्हणून कोणाचे खरे पत्र हरवू नये. परिणाम असा की यंत्र बंद पडल्याची बातमी सांभाळणाऱ्याला कोठल्याही इशाऱ्यातून न मिळता, दुसऱ्या दिवशी पेट्या कचऱ्याने भरल्याची ओरड झाल्यावर मिळते. याउलट पोस्टफिक्स या सर्व्हर-प्रणालीला मिल्टर या पद्धतीने, म्हणजे पाठवणाऱ्याशी संवाद चालू असतानाच बाहेरच्या कार्यक्रमाचे मत घेण्याच्या पद्धतीने, गाळणी जोडली, तर गाळणी गप्प असताना पोस्टफिक्स मूळ मांडणीत ४ ने सुरू होणारे तात्पुरत्या नकाराचे उत्तर देतो. पाठवणारा सर्व्हर ते पत्र आपल्याजवळ ठेवून काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. म्हणजे कचरा आत येत नाही, पण खरी पत्रेही येत नाहीत. दोन प्रणालींचे हे दोन मूळ स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट आहेत, आणि त्यांतला कोणता हवा हे तंत्रज्ञाने नव्हे, संस्थेने ठरवायचे असते : निविदेच्या शेवटच्या दिवशी कारखान्याला पहिला परवडेल, तर बँकेशी व्यवहार करणाऱ्या लेखा विभागाला दुसरा. स्पॅमसीची आणखी एक सवयही लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूळ मांडणीत तो ५०० किलोबाइटपेक्षा मोठे पत्र गाळणीकडे नेतच नाही, आणि स्कॅन केलेल्या बिलांची जोडपत्रे ही मर्यादा सहज ओलांडतात.

पुढच्या गाळणीचा मोठा लाभ हा की नको असलेले पत्र दारातच नाकारता येते, आणि नकार पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला तिथल्या तिथे कळतो. परंतु त्यासाठी गाळणीला संस्थेतील खातेदारांची यादी पाठ असावी लागते. ती नसेल तर अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यांवरची पत्रेही ती आत घेते, आतला सर्व्हर ती नाकारतो, आणि मग गाळणीला ‘पत्र पोचले नाही’ अशी सूचना पाठवणाऱ्याला लिहावी लागते. स्पॅममधील पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा कोणातरी निरपराध माणसाचा असल्यामुळे ही सूचना त्याच्या माथी जाऊन आदळते; या परतीच्या कचऱ्याबद्दल गाळणीचे यंत्रच काळ्या यादीत जाऊ शकते. उपाय दोन आहेत : खातेदारांची यादी ठरावीक वेळाने आतून बाहेर नेणे, किंवा प्रत्येक नव्या पत्त्याबद्दल गाळणीने आतल्या सर्व्हरला त्याच क्षणी विचारणे. पहिल्यात यादी शिळी होते, दुसऱ्यात आतला सर्व्हर बंद असला की गाळणीही अडून बसते. जोडीला एक जुनी चूकही अनेक ठिकाणी आढळते : गाळणीचे नाव पहिल्या पसंतीच्या एमएक्स नोंदीत लिहून मुख्य सर्व्हरचे नाव ‘अडीअडचणीला असावे’ म्हणून दुसऱ्या पसंतीला ठेवले जाते. स्पॅम पाठवणारे कार्यक्रम पसंतीक्रम पाळण्याच्या भानगडीत पडत नाहीत, उलट दुसऱ्या नोंदीवर पहारा ढिला असतो हे गृहीत धरून तिकडेच आधी जातात. मुख्य सर्व्हरचे २५ क्रमांकाचे दार गाळणीखेरीज सर्वांना बंद केल्याशिवाय पुढच्या गाळणीला अर्थ नाही.

पत्राच्या उगमाविषयीची माहिती हा या विषयाचा गाभा आहे. काळी यादी, एसपीएफ म्हणजे ‘या डोमेनची पत्रे फक्त अमुक संगणकांवरून निघतात’ असे डोमेनधारकाने केलेले जाहीर निवेदन, आणि त्यावर अंशतः आधारलेले डीमार्क धोरण, या तिन्ही कसोट्यांना जोडणी करणाऱ्या संगणकाचा पत्ता लागतो. पुढे एक यंत्र बसवले आणि पारख मात्र आतल्या सर्व्हरवर चालू राहिली, किंवा दोन्हीकडे अर्धी-अर्धी वाटली गेली, तर आतल्या सर्व्हरच्या दृष्टीने जगातील प्रत्येक पत्र एकाच पत्त्यावरून, म्हणजे पुढच्या यंत्रावरून, येऊ लागते. मग एसपीएफची कसोटी खऱ्या पत्रांनाही नापास करते, आणि आपल्याच यंत्राला उपद्रवी ठरवून त्याची जोडणी तोडणारा सर्व्हरही अशक्य कोटीतला नाही. स्पॅमअसॅसिनमध्ये यासाठी विश्वासू जाळी आणि अंतर्गत जाळी अशा दोन याद्या लिहाव्या लागतात. त्यांच्या आधारे ती पत्राच्या डोक्यावरील प्रवासाच्या नोंदी खालच्या टोकाकडे वाचत जाते आणि आपल्या यंत्रांच्या ओळी ओलांडून जो पहिला परका संगणक सापडतो त्याची चौकशी करते. या दोन ओळी लिहायच्या राहिल्या की बाकी सारी मांडणी निर्दोष असूनही निकाल चुकतात. विषयाच्या ओळीत ‘स्पॅम’ असा शिक्का उमटवण्याची हौसही अशीच नडते, कारण पाठवणाऱ्या डोमेनने डीकेआयएम या पद्धतीने केलेली अंकीय सही सहसा त्या ओळीवरही असते, आणि मजकूर बदलताच ती सही पुढच्या तपासणीत खोटी ठरते. शिक्का वेगळ्या नव्या नोंदीत मारावा हे बरे. काळ्या यादीकडे होणारी विचारणाही गाळणीच्या यंत्रावर स्वतःची नामशोधक सेवा चालवून करावी लागते, कारण स्पॅमहाउससारख्या संस्था सार्वजनिक नामशोधकांमार्फत आलेल्या विचारणांना खरे उत्तर देत नाहीत.

सुरक्षेच्या दृष्टीने वेगळ्या यंत्राचे समर्थन करताना सहसा एकच बाजू मांडली जाते. गाळणी हा असा कार्यक्रम आहे की जो अनोळखी माणसांनी पाठवलेली प्रत्येक फाइल उघडून पाहतो. म्हणजे संस्थेतील सर्वांत धोक्याचे काम तोच करतो. २०२३ च्या फेब्रुवारीत क्लॅमएव्ही या विषाणुशोधक प्रणालीत असा दोष आढळला की मुद्दाम घडवलेली एक फाइल तपासतानाच हल्लेखोराला यंत्राचा ताबा मिळू शकत होता. असा ताबा पत्रांच्या पेट्या असलेल्या संगणकाचा मिळण्यापेक्षा रिकाम्या यंत्राचा मिळणे केव्हाही कमी नुकसानीचे, हे खरे आहे. पण त्याच वर्षी मे महिन्यात बॅराकुडा कंपनीच्या टपाल-गाळणी यंत्रांची जी हकीकत उघड झाली तिने दुसरी बाजू दाखवली. ही यंत्रे सर्व्हरपासून वेगळी, खास गाळण्यासाठीच विकली जाणारी होती. तरी टार प्रकारच्या जोडपत्रांतील फाइलींची नावे हाताळण्यातील एका दोषातून हल्लेखोर किमान ऑक्टोबर २०२२ पासून त्यांत शिरलेले होते. त्या यंत्रांतून रोजची पत्रे जात होती, ती त्यांना वाचता येत होती, आणि जूनमध्ये कंपनीने बाधित ग्राहकांना दुरुस्तीच्या भरवशावर न राहता यंत्रच बदलण्यास सांगितले. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या खंडणीखोर हल्ल्याचे कारण सांगताना सरकारने राज्यसभेत जाळ्याच्या अयोग्य विभाजनाकडे बोट दाखवले होते, ते येथे आठवावे. यंत्र वेगळे असणे आणि जाळ्यात त्याला वेगळे कोंडलेले असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गाळणीचे यंत्र आतल्या सर्व्हरच्या एका दाराखेरीज कोठेही पोचू शकत असेल, तर त्या वेगळेपणाचा अर्धा लाभ पहिल्याच दिवशी वाया गेलेला असतो.

भाषेचा प्रश्न रायपूरमध्ये जितका गुंतागुंतीचा आहे तितका तो महाराष्ट्रातील शहरांत क्वचितच असेल, आणि मराठी वाचकाला त्यात विशेष रस वाटावा असे कारणही आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसल्यापासून येथे मराठी कुटुंबे स्थायिक होत आली आहेत. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ ही त्यांची जुनी संस्था आजही कार्यरत आहे. शासनव्यवहार हिंदीत चालतो, छत्तीसगढीला २००७ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला, व्यापारी पत्रव्यवहारात इंग्रजी असते. म्हणजे एकाच पेटीत तीन देवनागरी भाषा आणि एक रोमन लिपीतील भाषा येऊन पडते. गाळणीला हे कसे दिसते ते पाहण्यासारखे आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. ‘रायपूर’ या शब्दात काना व उकार धरून सहा चिन्हे आहेत, म्हणून तो अठरा बाइटचा होतो. आणि स्पॅमअसॅसिनच्या जुन्या आवृत्त्यांतील बेझियन विभागाची शब्दमर्यादा पंधरा बाइटची असल्याने तो शब्द दोन-दोन बाइटच्या नऊ तुकड्यांत फोडला जात असे. तीन बाइटच्या अक्षरांचे दोन-दोन बाइटचे तुकडे पडले म्हणजे एकही अक्षर धड राहात नाही आणि यंत्र जे शिकते ते शब्दांविषयी नसून लिपीविषयी असते : देवनागरी पत्रे पूर्वी चांगली आली असतील तर सगळी देवनागरी चांगली, वाईट आली असतील तर सगळी वाईट. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत इंग्रजीबाहेरच्या लिप्यांची हाताळणी बरीच सुधारली, परंतु जुन्या आवृत्तीने शिकलेला साठा तसाच पुढे नेला तर जुने तुकडेही सोबत येतात. पत्राची भाषा ओळखणारी जी जोडणी या प्रणालीत आहे, तिच्या यादीत हिंदी आणि मराठी आहेत, छत्तीसगढी नाही.

यापेक्षाही अवघड बाब कृतीदेवची आहे. हिंदी पट्ट्यातील कचेऱ्यांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या या फाँटमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेले असतात. वाचणाऱ्याला पडद्यावर ‘भारत’ दिसते, पण यंत्राला मात्र एच, के, के, जे, आर अशी पाच रोमन अक्षरे दिसतात. असा मजकूर पत्राच्या अंगात आला की शब्दकोशात कोठेही न सापडणाऱ्या व्यंजनांच्या ओळी तयार होतात, आणि अशा अर्थहीन ओळी पेरणे ही स्पॅम पाठवणाऱ्यांची जुनी युक्ती असल्यामुळे गाळणी तिकडे संशयाने पाहते. यावर नियम लिहून उपाय होत नाही. स्थानिक खऱ्या पत्रांचा नमुना गाळणीला शिकवावा लागतो. स्पॅमअसॅसिनचा बेझियन विभाग किमान २०० चांगली आणि २०० वाईट पत्रे शिकल्याशिवाय तोंडच उघडत नाही. आणि येथे यंत्र वेगळे केल्याची किंमत पुन्हा मोजावी लागते, कारण खातेदार आपले मत पेटीत व्यक्त करतो, पत्र कचऱ्यात टाकतो किंवा कचऱ्यातून बाहेर काढतो, आणि पेटी मुख्य सर्व्हरवर असते. ते मत रोज दुसऱ्या यंत्रापर्यंत नेण्याची सोय केली नाही तर गाळणी आपल्याच अंदाजांवरून आपोआप शिकत राहते, आणि सुरुवातीला झालेली चूक आठवड्यागणिक पक्की होत जाते. प्रस्तुत पुस्तकातील सर्वांत लांब प्रकरण या परतीच्या वाटेवर आहे, ते यामुळेच.

कायद्याच्या बाजूने सांगण्यासारखे थोडे आहे. न मागितलेल्या फोन व एसएमएसवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम लागू आहेत, परंतु न मागितलेल्या ई-मेलसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ या कलमात त्रासदायक व उगम लपवणाऱ्या ई-मेलचा उल्लेख होता, पण ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, आणि इतर कारणांसाठी ते रद्द होणे योग्यच होते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश मात्र या विषयाला थेट भिडतात. त्यांनुसार संगणक व्यवस्थेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रांची घड्याळे ठरवून दिलेल्या वेळस्रोतांशी जुळवलेली ठेवावी लागतात. एका पत्राच्या नोंदी दोन यंत्रांवर विभागल्या गेल्या की घड्याळांतील दोन मिनिटांचा फरकही त्या नोंदी परस्परांशी जुळवू देत नाही. तेव्हा गाळणी वेगळी करणाऱ्या संस्थेला घड्याळाचा निर्देश हा कागदी सोपस्कार मानता येणार नाही.

पंधरा-वीस खाती असलेल्या पेढीने या वाटेला जाऊ नये, असे स्पष्ट मत येथे नोंदवलेले बरे. तिच्यासाठी एकाच संगणकावर गाळणी ठेवून दारातली तपासणी कडक करणे पुरेसे आहे, आणि दुसरे यंत्र म्हणजे अद्ययावत ठेवण्याची दुसरी जबाबदारी होय, जी दोन-तीन महिन्यांत मागे पडते. एकाच भौतिक संगणकावर दोन आभासी यंत्रे मांडून वेगळेपणा साधण्याचा मध्यम मार्ग अनेकांना पटतो. तो जाळ्याच्या विभाजनासाठी उपयोगी आहे, पण वीज गेली किंवा डिस्क बिघडली की दोन्ही यंत्रे एकदमच बसतात, हे तो स्वीकारताना समजून घ्यावे. पुस्तकातील उदाहरणे पोस्टफिक्स, स्पॅमअसॅसिन आणि आरस्पॅमडी यांवर आधारलेली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरपुढे गाळणी बसवण्याचा विचार एका परिशिष्टात केला आहे, तर बाहेरच्या कंपन्या महिना भाड्याने देतात त्या गाळणी-सेवांचा समावेश केलेला नाही, कारण त्यांतील विश्वासू जाळ्यांच्या याद्या, शिकण्याचा साठा आणि नोंदी यांपैकी काहीही ग्राहकाच्या हाती नसते.